ओठावरची रेघ

माझ्या नातीने अभिनयासाठी मुंबईला जाऊन राहायचे ठरवले, तेव्हा आमच्या घरात कोणी विरोध केला नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण आयुष्यभर पाठशाळेत संस्कृत शिकवलेला, नित्य संध्या करणारा म्हातारा घरात आहे म्हटल्यावर आडकाठी त्याचीच असणार, असे लोक गृहीत धरतात. उलट तिला रंगमंचावर पहिल्यांदा मीच उभे केले. एका संस्कृत नाट्यस्पर्धेसाठी आम्ही पाठशाळेतर्फे छोटे नाटक बसवले होते. त्यात आश्रमकन्येच्या भूमिकेला कोणी मिळेना, म्हणून आठवीतल्या नातीला मी घेतले. चार वाक्ये होती तिला. ती बोलून ती विंगेत आली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला, आणि ही आता दुसरीकडे कुठे रमणार नाही, हे मला त्याच वेळी कळले.

तिच्या बोलण्यावर माझा काही अधिकार आहे, असे मी समजत असे. ती जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ दुभंगलेला होता. पाच महिन्यांची असताना शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली. मागे राहिली ती नाकपुडीपासून ओठाच्या कडेपर्यंत उतरणारी एक फिकट रेघ. आणि हसताना ओठ त्या बाजूला किंचित वर ओढला जाई. बोलू लागल्यावर प, ब, म ही अक्षरे तिच्या नाकातून निसटत. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम होतेच, पण सकाळची पूजा झाली की मी तिला समोर बसवून, हातात छोटा आरसा देऊन, ओठ मिटून उघडायला लावीत असे. दोन वर्षे हा क्रम चालला. शाळेत गेली तेव्हा तिचे उच्चार इतर मुलांपेक्षा स्वच्छ होते. रेघ मात्र राहिली. घरात त्या रेघेविषयी कोणी बोलत नसे. आमच्या लेखी तिच्याकडे दुर्लक्ष करणे हाच समंजसपणा होता.

मुंबईत गोरेगावला दोन मैत्रिणींबरोबर खोली ठरली. जायला दीड महिना होता, आणि जाण्यापूर्वी तिला हवे होते ते हेडशॉट, म्हणजे चेहऱ्याचे जवळून काढलेले साधे फोटो. मेकअप नाही, दागिने नाहीत, मागे मोकळी भिंत. मला हे विचित्र वाटले. नाटकाला चेहरा लागतो हे खरे, पण बोलणे, चालणे, उभे राहणे यांतले काहीच न पाहता निवड कशी करतात?

"आजोबा, तिथे माणूस नंतर जातो," ती म्हणाली. "फोटो आधी जातो. फोटो आवडला तर माणसाला बोलावतात."

"म्हणजे फोटो हा निरोप्या."

"हो. आणि निरोप्याने खोटं सांगून चालत नाही."

हे तिने त्या दिवशी सहज म्हटले होते. मी मान डोलावली होती.

फोटोग्राफर निवडण्याची तिची एक पद्धत होती. आठवडाभर ती फोनवर नाशिकमधल्या एकेकाचे काम पाहत बसली. मी शेजारी असलो की मलाही दाखवी. "एकाच्या कामातले दहा चेहरे बघायचे. दहाही जण एकाच आईची लेकरं वाटली, तर तो आपल्या उपयोगाचा नाही." असे करत करत तिने कॉलेज रोडवरच्या एका बाईंना निवडले. त्या पस्तिशीच्या असाव्यात. त्यांनी आधी भेटायला बोलावले, तेव्हा सोबत मी गेलो.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. एकीत पांढरी भिंत आणि पूर्वेची मोठी खिडकी. कॅमेरा कुठे दिसेना. बाईंनी चहा केला आणि अर्धा तास नातीशी नुसत्या गप्पा मारल्या. कुठली कामे आवडतात, राग आला की काय करतेस, घरात कोणासारखी दिसतेस. मला म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बसा ना, पण तिच्या समोर नको. ती बोलताना सारखी तुमच्याकडे बघतेय." मी खुर्ची बाजूला घेतली. मग त्यांनी खिडकीपाशी तिचा एकच फोटो काढला आणि लॅपटॉपवर मोठा करून दाखवला.

त्या पडद्यावर माझ्या नातीचा चेहरा वीतभर झाला होता, आणि त्या चेहऱ्याच्या मधोमध ती रेघ होती. इतकी स्पष्ट की टाक्यांच्या जागा मोजता याव्यात. वीस वर्षे मी जिच्याकडे पाहत नव्हतो ती एकदम समोर येऊन उभी राहिली.

"मी फोटोतलं काही पुसत नाही," बाई सांगत होत्या. "पिंपल आलं असेल तर तेवढं काढते, कारण ते आठ दिवसांनी जाणारच असतं. जे जाणार नाही ते ठेवते. चालेल?"

"मला तेच हवंय," नात म्हणाली.

परतीच्या रिक्षात ती उत्साहाने बोलत होती. पुढच्या गुरुवारी सकाळची वेळ मिळाली होती. कास्टिंगच्या एका कार्यालयात फोटो पाठवायची मुदत शनिवारपर्यंत होती, म्हणजे सगळे जमत होते. मी हो-हो म्हणत होतो आणि मनात तो पडदा होता.

मी जन्मभर जे शिकलो आणि केले, त्यात प्रतिमेविषयी काही ठाम समजुती आहेत. अनेक देवळांच्या प्राणप्रतिष्ठेला मी बसलो आहे. मूर्ती व्यंगहीन असावी लागते. बोट तुटले, नाकाला टवका उडाला, तरी ती पूजेतून काढून पाण्यात विसर्जित करतात. माणसाचे शरीर जसे मिळाले तसे मिळाले. प्रतिमा मात्र आपण घडवतो, तेव्हा तिच्यात उणे ठेवण्याचे कारण काय, असा माझा विचार होता. हा विचार मला त्या वेळी शास्त्रशुद्ध वाटला. त्याच्या तळाशी दुसरे काही होते, ते मी पुढे सांगेन.

घरी आल्यावर मी पंचांग उघडले. गुरुवारी अमावास्या होती. ती मी लिहिली नव्हती, ती होतीच. पण सापडल्यावर मला बरे वाटले, हे कबूल करतो.

"अमावास्येला आपण नव्या कामाला हात घालत नाही," मी जेवताना म्हणालो. "आणि परक्या ठिकाणी कशाला जायचं? पंचवटीत आपला माणूस आहे. त्याला मंगळवारी वेळ आहे. मी विचारून ठेवलं आहे."

आपला माणूस म्हणजे माझा एक जुना विद्यार्थी. चार वर्षे माझ्याकडे शिकला; वडील गेल्यावर पाठशाळा सोडून त्याने कॅमेरा हाती घेतला. आता देवस्थानांच्या दिनदर्शिकांसाठी मूर्तींचे फोटो काढण्यात त्याचे नाव आहे. आमच्या घरातले प्रत्येक कार्य त्याच्याच कॅमेऱ्यात आहे, नातीच्या बारशापासून.

"आजोबा, काका देवांचे फोटो काढतात," नात म्हणाली.

"मग?"

"देव हलत नाहीत."

"आणि फोटो कसा आला म्हणून तक्रारही करत नाहीत," सूनबाई भाकरी वाढता वाढता म्हणाली. मुलगा हसला. तो मनमाडला नोकरीला आहे, घरी उशिरा येतो आणि घरातल्या मतभेदांत पडत नाही.

मीही हसलो, पण आग्रह सोडला नाही. आवाज चढवणे माझ्या स्वभावात नाही. मी फक्त दोन दिवस तोच विषय शांतपणे पुन्हा पुन्हा काढत राहिलो, आणि आमच्या घरात त्याला नाही म्हणणे फार कठीण असते. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. तुमच्या मनाला बरं वाटत असेल तर तसं करू." कॉलेज रोडच्या बाईंना तिने फोन करून येत नसल्याचे कळवले. त्या काय म्हणाल्या ते तिने सांगितले नाही.

मंगळवारी आम्ही पंचवटीत गेलो. विद्यार्थ्याने मला वाकून नमस्कार केला, खुर्ची पुसून दिली. काम त्याने मन लावून केले. तासाभराने नात दुसरा सदरा घालायला आतल्या खोलीत गेली, आणि त्या पाच मिनिटांत मी त्याला जवळ बोलावले.

"ओठावरची रेघ दिसू देऊ नकोस."

"गुरुजी, तिला विचारलंत?"

"मी सांगतो आहे ना."

"शनिवारपर्यंत देतो," तो म्हणाला. "आपली आज्ञा."

शनिवारी दुपारी फोटो आले. आम्ही तिघे बाहेरच्या खोलीत होतो. मी वर्तमानपत्र धरले होते. नातीने लॅपटॉप उघडला आणि एकेक फोटो मोठा करून पाहिला. मग आईला म्हणाली, "बघ. माझा ओठ पुसलाय."

सूनबाईने वाकून पाहिले. फोटो सुंदर होता. एक निर्दोष, गोड मुलगी आमच्याकडे पाहत होती. ती हसतानाही ओठ दोन्हीकडे सारखा होता.

नातीने तिथूनच त्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "काका, हे का केलंत?"

"ताई, ते आमच्याकडून झालं. मूर्तींची सवय ना. हात आपोआप जातो."

"मूळ फोटो द्या मला. आज संध्याकाळपर्यंत पाठवायचे आहेत."

"ते... ते नाही राहिले ताई."

मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. तो खोटे बोलत आहे हे मला कळत होते, आणि कोणासाठी बोलत आहे तेही. तो मला वाचवीत होता. मी कोणत्याही क्षणी वर्तमानपत्र खाली ठेवून बोलू शकलो असतो. मी पान उलटले.

मुदत टळू नये म्हणून तिने तेच तीन फोटो पाठवले. "तिथे गेल्यावर दिसेलच की," असे आईला म्हणाली. पण तो स्वतःची समजूत घालण्याचा सूर होता. चार दिवसांनी बोलावणे आले. एका मालिकेत नायिकेच्या धाकट्या बहिणीचे काम होते. मी देवापुढे साखर ठेवली. खरे सांगायचे तर मला त्या वेळी वाटले, देवाने माझ्या कृतीला मान्यता दिली.

ती आणि सूनबाई सकाळच्या गाडीने नाशिक रोडहून गेल्या, मुलाच्या मावशीकडे राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतल्या. सूनबाई सरळ स्वयंपाकघरात गेली. नात माझ्यासमोर बसून सांगू लागली. ती रडत नव्हती. तिने सगळे जसे घडले तसे सांगितले.

कास्टिंगच्या कार्यालयातल्या बाईंनी तिच्याकडे पाहिले, मग फोनमधल्या फोटोकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "हे तुझेच फोटो?" तिने हो म्हटले. त्यांनी तिला दिव्याखाली नेले. हनुवटीला बोट लावून चेहरा वर केला. फोटो पुढे निर्मात्यांना दाखवून झाले होते, त्यांनी पसंतही केले होते. "रेघेचं काही नाही," त्या म्हणाल्या, "आधी दिसली असती तर कदाचित वेगळ्या कामासाठी तुलाच बोलावलं असतं. पण तू लपवलीस. आता मला वर सांगावं लागेल की फोटोतली मुलगी आलीच नाही."

"मी त्यांना म्हटलं, मी नाही लपवली," नात म्हणाली. "त्या म्हणाल्या, सगळ्या असंच म्हणतात. आणि वहीत माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं."

"काय लिहिलं?"

"वाचता नाही आलं. पण चांगलं नसणार ना आजोबा."

त्याच दिवशी तिने विद्यार्थ्याच्या स्टुडिओच्या पानावर, जिथे गिऱ्हाईक आपले मत लिहितात तिथे, चार ओळी लिहिल्या. मला वाचून दाखवल्या. हे न विचारता चेहरा बदलतात, मूळ फोटो मागितले तर देत नाहीत, यांच्यामुळे माझे काम गेले. अभिनयाच्या फोटोंसाठी इथे जाऊ नका.

"फार कठोर झालं का?" तिने मला विचारले.

"विचार करून लिही," एवढेच मी म्हणालो. तिने विचार करूनच लिहिले होते.

त्यानंतरचे अकरा दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. माझा नित्यक्रम चालू होता. पहाटे उठत होतो, स्नान, संध्या, जप. पण माळ हातात असताना मी कुठल्या मण्यावर आहे हे कळेनासे होई, आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत असे. देवळात एका परिचितांनी विचारले, "तुमच्याच नातीने लिहिलंय ना ते? आमच्या मुलाची मुंज आहे, आम्हीही दुसरा बघतोय आता." तिच्या ओळींखाली आणखी काहींनी लिहिले होते, ज्यांचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. विद्यार्थ्याने मला एकदाही फोन केला नाही. शिष्याने गुरूचे नाव राखावे ही शिकवण मीच त्याला दिली होती, आणि तो ती पाळत होता. सत्य बोलावे हीदेखील मीच शिकवली होती. त्याने दोन्हींतली पहिली निवडली, कारण समोर मी होतो.

बाराव्या दिवशी दुपारी सूनबाई वाळलेले कपडे घडी करत होती. मी पलंगावर बसलो होतो. माझे उपरणे घडी करता करता ती म्हणाली, "बाबा, मला एक कळत नाही. त्यांनी हिचे बारशापासून फोटो काढले. वाढदिवस, मुंजी, दिवाळ्या. एकदाही हिचा ओठ पुसला नाही. आताच हात आपोआप कसा गेला?"

तिने वर पाहिले नाही. तिला ठाऊक होते. मला वाटते, तिला त्या शनिवारीच ठाऊक झाले होते.

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो.

तिने उपरणे बाजूला ठेवले आणि पुढचे कापड घेतले. मग म्हणाली, "ही झाली तेव्हा दवाखान्यात तुम्ही मला काय विचारलं होतं, आठवतं?"

आठवत होते. मगाशी मी तळाशी असलेल्या ज्या गोष्टीविषयी म्हणालो, ती हीच. सूनबाई गरोदर असताना ग्रहण होऊन गेले होते. आमच्याकडे ग्रहणकाळात गरोदर बाईने काही चिरू-कापू नये, असे पाळतात; नाही तर मुलाचा ओठ फाटका होतो अशी समजूत आहे. बाळाचा चेहरा पाहिल्याबरोबर माझ्या तोंडून पहिला प्रश्न तोच गेला होता. ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का.

"मी नव्हती घेतली," सूनबाई म्हणाली. "दिवसभर तुम्ही सांगितलं तशी एका जागी बसून होते. पण तुम्ही विचारलंत आणि उत्तर न ऐकता निघून गेलात. तेवीस वर्षं झाली. मला वाटायचं, कधीतरी विचाराल."

मी त्या रेघेकडे वीस वर्षे पाहत नव्हतो, त्याचे कारण तिच्यात मला माझा प्रश्न दिसत असे. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते की याचा ग्रहणाशी काही संबंध नाही. मी ते ऐकले होते, इतरांना समजावूनही सांगितले होते. सूनबाईला मात्र कधी सांगितले नव्हते.

"चुकलो मी," मी म्हणालो. हे शब्द मी घरात यापूर्वी कधी उच्चारले होते का, हे मला आठवत नाही.

"माझं राहू द्या," ती म्हणाली. "तिला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

नात आतल्या खोलीत बॅग भरत होती. मी दारात उभा राहून सांगितले. सगळे सांगितले, अमावास्या, पाच मिनिटे, वर्तमानपत्राचे पान. ती हातातला सदरा धरून ऐकत राहिली.

"मग काका खोटं का बोलले?"

"माझ्यासाठी."

"आणि तुम्ही ऐकत बसलात."

"हो."

"तुम्हाला माझी लाज वाटायची का, आजोबा?"

"तुझी नाही, बाळ."

"ओठ माझाच आहे ना." तिने सदरा बॅगेत ठेवला, पुन्हा बाहेर काढला. "तुम्ही मला आरसा द्यायचात. ओठाकडे बघ म्हणायचात. मी इतकी वर्षं समजत होते की घरात सगळ्यांत जास्त तुम्हीच त्याच्याकडे बघितलंय."

मी तिला ग्रहणाची गोष्ट सांगितली. ती ऐकून ती आईला हाक मारून बाहेर गेली आणि दोघी गॅलरीत उभ्या राहिल्या. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मी आत जाऊन बसलो.

थोड्या वेळाने ती लॅपटॉप घेऊन आली. "मी लिहिलेलं काढून टाकते. पण नुसतं काढून चालणार नाही, लोकांनी वाचलंय. तुम्ही सांगा, काय लिहू?"

मी सांगू लागलो. "सदर छायाचित्रकारांच्या निष्ठेविषयी पूर्वी व्यक्त झालेले मत अपुऱ्या माहितीवर आधारलेले असून, प्रस्तुत प्रकरणी दोषाचे उत्तरदायित्व..."

"आजोबा, हे कोण वाचणार?"

"मग तू सांग."

तिने लिहिले, ‘फोटोतला बदल माझ्या आजोबांच्या सांगण्यावरून झाला होता. मला ते माहीत नव्हतं. फोटोग्राफरवर मी चुकीचा आरोप केला.’ मग माझ्याकडे पाहिले. "‘आजोबा’ ठेवू, की ‘घरचे’ लिहू?"

"आजोबा ठेव."

दुसऱ्या दिवशी मी पंचवटीत गेलो. विद्यार्थ्याने ते वाचले होते आणि तो माझ्यावर रागावलेला होता. राग म्हणजे त्याच्या परीने. खुर्ची पुसून दिली, पाणी दिले आणि समोर उभा राहिला. "गुरुजी, हे लिहायला नको होतं. माझं जे व्हायचं ते झालं होतं. आता लोक तुम्हाला विचारतील."

"विचारू देत. तू माझ्यासाठी खोटं बोललास, आणि मी बोलू दिलं."

"रेघ पुसायला तुम्ही सांगितलं," तो म्हणाला. "मूळ फोटो नाहीत हे सांगायला तुम्ही सांगितलं नव्हतं. ते माझं आहे, ते तुम्ही घेऊ नका." त्याने खणातून पेनड्राइव्ह काढून दिला. सगळे फोटो त्यात होते, जसे काढले तसे. ते मी तिथेच त्याच्या पडद्यावर पाहिले, एकेक करून. मला ते चांगले वाटले. मुंजीचे काम मात्र गेले होते, ते परत आले नाही.

पेनड्राइव्ह मी नातीला दिला. म्हणालो, "हे खरे फोटो आहेत. हे पाठवता येतील."

तिने ते पाहिले. "खरे आहेत. पण यांत मी सारखी तुमच्याकडे बघतेय. हे बघा, इथेही. तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे बसला होतात." मला तसे काही दिसले नाही, पण ती म्हणाली म्हणजे असेल.

कॉलेज रोडच्या बाईंनी तिला पुन्हा वेळ दिली, निघण्याच्या दोन दिवस आधीची. वार, तिथी मी पाहिली नाही. सकाळी ती तयार झाली तेव्हा मी उपरणे घेऊन दाराशी आलो होतो, नेहमीच्या सवयीने. ती चप्पल घालता घालता म्हणाली, "आजोबा, आज आई येतेय माझ्याबरोबर." आवाजात कडवटपणा नव्हता. मी उपरणे खुंटीला लावले. त्या दोघी दुपारी परत आल्या, भूक लागली होती, जेवताना कसल्या तरी गोष्टीवर हसल्या. मी विचारले नाही.

ती गेली त्याला आता अडीच महिने होत आले. निघताना नमस्कार केला, मी आशीर्वाद दिला, दोन्ही नेहमीसारखे झाले. नवे फोटो तिने तीन-चार ठिकाणी पाठवले आहेत. त्या वहीत नाव लिहिलेल्या कार्यालयालाही पाठवले, सोबत दोन ओळींचे पत्र लिहून. तिथून काही उत्तर नाही. एका जाहिरातीत गर्दीत उभे राहायचे काम मिळाले. रविवारी फोन येतो. माझ्याशी ती बोलते, प्रकृती विचारते, औषध घेतले का विचारते. पूर्वी ती मला पाठ केलेले संवाद म्हणून दाखवी आणि उच्चार कसे आहेत विचारी. ते आता होत नाही.

नवे फोटो सूनबाईच्या फोनमध्ये आहेत. गेल्या रविवारी फोन ठेवल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, बघायचेत का? चांगले आलेत."

पाहावे असे फार वाटत होते. पण मी म्हणालो, "तिला विचार आधी."

सूनबाईने तिथेच लिहून विचारले. उत्तर यायला थोडा वेळ लागला. मग तिने फोन माझ्यापुढे धरला. दोनच शब्द होते, ‘आत्ता नको’.

"बरं," मी म्हणालो, आणि सूनबाईने फोन पदराआड ठेवला.